टपावरची होडी

घर भाड्याने देणाऱ्यांचे प्रश्न मला तोंडपाठ झालेले. एकट्याच राहणार? मिस्टर? बरं, नॉनव्हेज करता का? घरी यायला किती वाजतात? त्या महिन्यात मी डोंबिवलीत अकरा घरं पाहिली आणि अकराही ठिकाणी हेच ऐकलं. एका बाईंनी तर माझं मंगळसूत्र शोधलं, सापडलं नाही, तशी "आम्ही फॅमिलीलाच देतो" म्हणून दार लावून घेतलं. बाराव्या घराचं दार उघडलं ते उंच, जराशा वाकलेल्या, सत्तरीच्या एका गृहस्थांनी. हातात घडीची पट्टी, कानावर पेन्सिल. मी उत्तरं तयार ठेवून, भांडायच्या तयारीतच उभी होते.

"पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पोहायला येतं का?"

"येतं. ठाण्याला शाळेत असताना शिकलेले."

"ओरडता येतं?"

आता माझं डोकं फिरलं. "अहो काका, मला राहायला जागा हवीये, नाटकात काम नकोय!"

"आवाज चांगला आहे," ते मागे वळून आत म्हणाले. "अगं, चहा टाक. मिळाल्या."

असे माझे घरमालक. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये राहिले. नवरा का सोडला हे त्यांनी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. करारात मात्र शेवटचं कलम स्वतःच्या कोरीव अक्षरात घातलेलं: भाडेकरूने महिन्यातून दोन रविवार दोर धरण्यास यावे. वकील हसला. काका हसले नाहीत. माझी सही होईपर्यंत ते पट्टी उघडत-मिटत बसले.

दोर कसला, ते पार्किंगमध्ये कळलं. एका शाळेने मोडीत काढलेली मिनीबस तिथे उभी होती. वरून पांढरा रंग मारलेला, पण दारांच्या कडांना अजून पिवळा दिसायचा. आत एक खाट, तिच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे, एक शेगडी, पाण्याची टाकी, पडद्याआड संडासाची सोय. आणि टपावर, पालथी घातलेली, साडेनऊ फुटांची लाकडी होडी. काकांनी ती स्वतः बांधलेली. लांबून बस डोक्यावर कढई घेऊन निघाल्यासारखी दिसायची. सोसायटीतली पोरं तिला कासव म्हणायची आणि मोठी माणसं काकांना काय म्हणायची ते लिहीत नाही.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढली. निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि अर्ध्या तासाच्या वर त्यांना बसवेना. बस, रिक्षा, गाडी सगळं बंद. काकूंचं माहेर मुरबाडच्या पलीकडे. पलीकडे म्हणजे होतं. लग्न होऊन चार वर्षं झाली आणि तिथे धरण झालं. अख्खं गाव पाण्याखाली गेलं. भाऊ कुठे, चुलते कुठे, ज्याला जिथे जमीन मिळाली तिथे गेले आणि आता त्यातलं कुणी राहिलेलंही नाही. काकू त्याबद्दल बोलायच्या नाहीत. ऑपरेशननंतर पडल्या पडल्या एकदाच म्हणाल्या, "बाकीच्यांना माहेरी जायला रस्ता असतो. माझ्या वाटेवर पाणी."

दुसरा कुणी नवरा असता तर त्याने हात हातात घेतला असता, डोळे पुसले असते. काका म्हणाले, "म्हणजे होडी लागेल." आणि कागद घेऊन बसले.

हे मला काकूंनी सांगितलं, कपाळावर हात मारून. "मी आपली मनातलं बोलले गं. यांना वाटलं, काम सांगितलं!"

बसमध्ये असे फेरफार करायला परवानगी लागते. ती काढायला काका ज्या कचेरीत गेले तिथल्या साहेबाने विचारलं, हे नक्की काय आहे? काका म्हणाले, घर. साहेब म्हणाला, घर असेल तर इमारतीवाल्यांकडे जा. तिथे गेले तर ते म्हणाले, याला चाकं आहेत, आमच्याकडे कशाला आलात? काकांनी दोन्ही साहेबांना एकाच दिवशी, एकाच वेळी चहाला बोलावलं आणि बसमध्ये, खाटेवर बसवून, काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी घातली. दोघं खात बसले आणि काका गप्प. शेवटी त्यातला एक म्हणाला, "द्या कागद इकडे." काकांना भांडता यायचं नाही. ते नुसते थांबायचे. त्यांच्या थांबण्याने समोरचा माणूस हैराण व्हायचा.

गाडी चाळिसाच्या वर नाही. मागून कुणी हॉर्नवर हॉर्न मारला की डावीकडे घेत म्हणायचे, "जा बाबा, तुझं जेवण थंड होतंय." मला क्रू म्हणायचे, आणि अहो-जाहो. "क्रू, तुम्ही डाव्या बाजूला उभ्या राहा." उजव्या कानाने त्यांना ऐकू यायचं नाही. बस उतारावरून पाण्याकडे उलटी न्यायची तेव्हा मी मागे डावीकडे उभी राहून गळा फाटेपर्यंत ओरडायचं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" मग चाकांखाली दगड. मग मागे शिडी लावायची. शिडीच्या पायऱ्यांवर पाइपचे तुकडे घातलेले, फिरते. होडीचा दोर टपावरच्या कप्पीतून पुढे आणून मी धरायचा आणि वीतभर वीतभर सोडत जायचा. होडी शिडीवरून घरंगळत खाली येते, दोघांनी मिळून उलथायची, फुगवलेल्या ट्यूबांवरून ढकलत पाण्यात. सगळ्याची यादी. यादी कायम लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. "क्रू, आपण चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणींच्या पाठीवर उभे आहोत," असा एकच विनोद ते सहा वर्षं करायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचे.

सराव टिटवाळ्याला, काळू नदीच्या काठी. अख्खं एक वर्ष काकूंना त्यांनी होडीच्या जवळ येऊ दिलं नाही. त्यांच्याऐवजी वाळूची गोणी. बासष्ट किलो, काकूंच्या वजनाची, तोलून भरलेली. तिला लाइफ जॅकेट घातलेलं आणि तिला ते काकूच म्हणायचे. "काकूंना जरा पुढे सरकवा." "काकूंना ऊन लागतंय का बघा." काठावर गणपतीला आलेली माणसं थांबून बघत राहायची, आणि मी मान खाली घालून वल्ह्यांचे फटके मोजायचे. ऑफिसमधलं कुणी बघू नये म्हणून टोपी घालायला लागले मी.

एकदा ती गोणी गेली. मी उठायची घाई केली, होडी कलली आणि गोणी डुबुक करून पाण्यात. जॅकेट तेवढं सुटून वर आलं. मला हसू फुटलं. बघते तर काका पांढरेफटक पडलेले. वल्हं हातातून सुटलेलं. रिकामं जॅकेट पाण्यावर फिरत होतं आणि ते त्याच्याकडे टक लावून बसलेले.

"काका, वाळू आहे हो ती," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "वाळू आहे." मग वल्हं पुन्हा हातात घेत, "तुम्ही पुन्हा घाई करू नका. पाण्याला घाई दाखवायची नाही."

त्या दिवशी मला कळलं, की हा म्हातारा खेळत नाहीये. त्यानंतर मी टोपी घातली नाही आणि रविवारही चुकवले नाहीत. तसेही माझे रविवार मोकळेच असायचे. टेंभी नाक्याला भावाचं घर आहे, आई-बाबा असताना माझंही होतं. घटस्फोटानंतर तिथे गेले की वहिनी चहाचा कप पुढे करता करता विचारायची, "किती दिवस आहात?" नवरात्रात तिथल्या देवीला सगळं ठाणं लोटतं, मी मात्र घरी भात-पिठलं करून खायचे.

धरणात होडी घालायची परवानगी मिळायला दीड वर्ष लागलं. इंजिन नको, मासेमारी नको, तीनच माणसं, जॅकेटं घालून, आणि एकच दिवस, उजेड असेपर्यंत. कोणता दिवस, असं अर्जात विचारलेलं. काकांनी दसरा लिहिला. "सीमोल्लंघन त्याच दिवशी करतात ना," म्हणाले. कागद आला तो त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे उभा केला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या घरात ती दणक्यात व्हायची. पाटावर पट्टी, कंपास, पाने, हातोडी, सुरी, काकूंची विळीसुद्धा. त्या वर्षी त्यात होडीचं बूचही. होडीच्या मागच्या फळीला अगदी तळाशी इंचभराचं भोक असतं, आत साचलेलं पाणी काठावर वाहून जावं म्हणून. त्याला पितळेचं, आट्यांचं बूच. काकांनी ते चिंचेने घासून सोन्यासारखं केलेलं. यादीतल्या "बूच" शब्दावर बरोबरची खूण केली आणि पाटावर ठेवलं. हळदकुंकू काकूंनी वाहिलं. फुलं मी वाहिली. सगळ्या हत्यारांमध्ये ते बिचारं फारच लहान दिसत होतं, म्हणून मी त्याच्यावर सगळ्यात मोठा झेंडू ठेवला.

दसऱ्याला पहाटे निघालो. काकांनी उत्तरपूजा केली, पाटावरची हत्यारं पेटीत भरली. शहाड गेलं, मुरबाड गेलं, काकू खाटेवर पडून खिडकीतून आभाळ बघत होत्या. मधेच विचारायच्या, "भाताचा वास येतोय, कुठे आलो?" नऊच्या सुमारास धरण. पाणी काठोकाठ, वारा नाही. चौकीदाराने प्लास्टिकमधला कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि फाटक उघडलं. येऊ दे, येऊ दे, बास. दगड. शिडी. दोर. होडी खाली आली, उलथली, आणि काका बूच लावायला वाकले.

पेटी उघडली. मग पेटी रिकामी केली. मग सदऱ्याचे खिसे. मग यादी काढली. यादीत खूण होती.

मला झेंडू आठवला. "काका," मी म्हटलं, "पाटावर आहे. मी फूल ठेवलेलं ना, त्याच्याखाली. मी मेली काय म्हणून..."

"तुमचं काही नाही," काका म्हणाले. "खूण मी केली." आणि बसच्या पायरीवर बसले. डोंबिवलीला जाऊन यायचं तर चाळिसाच्या वेगाने संध्याकाळच व्हायची, काकूंच्या पाठीला तो प्रवास दोनदा झेपला नसता आणि कागद त्या एकाच दिवसाचा. काकांनी पट्टी काढली, उघडली, मिटली. त्यांना हरलेलं मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला रडूच यायला लागलं.

"झालं काय?" आतून काकूंचा आवाज. मी सांगितलं. मग त्यांनी उशाखालून कापडी पिशवी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण.

"गावदेवीची ओटी," काकू म्हणाल्या. "माहेरी गेलं की आधी तिची ओटी भरायची असते. सुपारी घ्या त्यातली. बसते का बघा भोकात."

"देवीचं आहे ते," काका म्हणाले.

"देवीला भिजायची सवय झालीय. मला नाहीये. बसवा!"

काकांनी सुपारीला पट्टी लावली. "पाऊण इंच. भोक एक इंचाचं आहे."

"मग खण फाडून गुंडाळा. एवढी शिकलेली माणसं!"

काकांनी पट्टी धरून खण बरोबर मधोमध फाडला. अर्ध्या खणात सुपारी घट्ट गुंडाळली, बाहेरून भोकात घातली, आणि लाकडी हातोडीने अलगद ठोकत ठोकत बसवली. होडी पाण्यात घालून पाव तास नुसते बघत बसलो. एक थेंबही नाही. मग आम्ही दोघांनी काकूंना दांडे धरायला लावून उतरवलं, मधल्या फळीवर पाठीला उशी देऊन बसवलं. गोणीची जागा तीच. काका वल्ही मारायला लागले.

त्यांच्याकडे जुन्या गावाचा नकाशा होता, स्वतः उतरवून काढलेला. भिंतीचं टोक इथे, टेकडी तिथे, एवढे हात पुढे. दहा मिनिटांनी वल्ही उचलली. "इथे," म्हणाले. "तुझं घर."

काकूंनी मान वर करून डोंगराकडे बघितलं. "नाही."

"मापं बरोबर आहेत."

"असतील. आमच्या अंगणातून त्या डोंगराचे दोन सुळके एकामागे एक यायचे, एकच दिसायचा. मी रोज तिथे उभी राहून दात घासायची. इथून दोन दिसतायत. आपण शेजाऱ्यांच्या खळ्यात आहोत. डावीकडे घ्या."

काकांनी नकाशा घडी करून खाली ठेवला आणि डावीकडे घेतलं. काकू डोंगरावरची नजर काढेनात. "अजून... अजून थोडं... येऊ दे..." आणि ते दोन सुळके हळूहळू सरकत एक झाले. "बास," काकू म्हणाल्या.

पाणी हिरवं होतं, खाली काहीही दिसत नव्हतं. काकूंनी काठावरून हात खाली सोडला आणि पाण्यात बुडवून ठेवला. मग पिशवीतले तांदूळ, नारळ, हळकुंड आणि उरलेला अर्धा खण पाण्यात सोडला. "अर्धाच आहे, समजून घे गं," असं खाली बघत म्हणाल्या, ओळखीच्या बाईशी बोलावं तसं.

मला वाटलं, झालं. काकांनी फळीखालून बिस्किटांचा डबा काढला. मला वाटलं, आता चहापाणी. डब्यात नवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी. त्यांनी तो डबा माझ्याकडे सरकवला.

"हिची ओटी," म्हणाले. "माहेराहून बाई रिकामी जात नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी डब्याकडे बघतच राहिले. "काका! तुमच्याकडे सुपारी होती की मघाशी!"

"ती हिच्या ओटीतली. तिला हात कसा लावणार?"

"पण मी कशी भरू? सवाष्ण लागते त्याला. मी घटस्फोट..."

"माहेरचं माणूस लागतं," काका म्हणाले. "इथे तिचं कुणी राहिलं नाही. मला भरता येत नाही. म्हणून तर पाच वर्षं क्रू शोधत होतो. भर गं."

पहिल्यांदा अगं-तुगं केलं त्यांनी. पोहता येतं का, ओरडता येतं का, याच्या मागे हे होतं तर. काकूंनी पदर पसरला. मी जागेवरून उठले नाही, घाई केली नाही, बसल्या बसल्या पुढे सरकले, कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ, खण. माझ्या डोळ्यांतलं पाणी तांदळात पडत होतं आणि मला ते थांबवायचं नव्हतं. काकूंनी त्यातलेच चार दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "माहेरवाशिणीने परत द्यायचे असतात," म्हणाल्या.

भोकातली ती सुपारी फुगून इतकी घट्ट बसली, की घरी आल्यावर छिन्नीने काढावी लागली.

पुढे मी शहाडला स्वतःचं घर घेतलं. निघायच्या दिवशी काकूंनी मला पाटावर बसवलं आणि काही बोलायच्या आत माझी ओटी भरली. तांदळात सुपारीच्या जागी ते पितळेचं बूच. आट्यांमध्ये कुंकू अजून अडकलेलं.

"अहो, मग होडी पाण्यात कशी जाणार?" मी विचारलं.

"तेच म्हणतोय," काका पट्टी मिटत म्हणाले. "तुझ्याशिवाय कशी जाणार?"

त्यानंतर दर वर्षी खंडेनवमीच्या आधी फोन. "क्रू, बूच पूजेला लागतं." भावाचा फोन येवो न येवो, हा यायचा. मी सुट्टी टाकून, खण-नारळ घेऊन जायचे. होडी काळूत जाऊन यायची, काकू काठावर बसमध्ये खिडकीशी.

काका गेले त्याला आता दीड वर्ष झालं. बस विकली. होडी पार्किंगमध्येच पालथी आहे. सोसायटीने दोनदा नोटीस लावली. काकूंनी दोन्ही वेळा सेक्रेटरीला घरात बोलावून खिचडी घातली आणि गप्प बसून राहिल्या.

गेल्या नवरात्रात फोन येणार नाही असं मी धरून चाललेले. अष्टमीला संध्याकाळी वाजला. काकू होत्या. "अगं, उद्या खंडेनवमी. ह्यांच्या यादीत तुझं नाव आहे. येतेस ना?"

गेले. पाटावर पट्टी, कंपास, हातोडी, विळी. मी पर्समधून बूच काढून मधोमध ठेवलं आणि झेंडू त्याच्या शेजारी ठेवला, वर नाही. रात्री तिथेच राहिले. किती दिवस आहेस, असं कुणी विचारलं नाही. सकाळी उत्तरपूजा झाल्यावर काकूंनी लग्नपत्रिकेच्या मागची यादी माझ्यापुढे धरली. मी आधी बूच पाटावरून उचलून मुठीत घेतलं, आणि मगच खूण केली.